संकटापूर्वीची कचेरी

जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत आपण जातो ते कशासाठी? कोणाला दाखला हवा असतो, कोणाचे जमिनीचे अपील असते, कोणाला परवाना काढावयाचा असतो. त्याच इमारतीत एक खोली अशी असते की जिच्याकडे वर्षातले आठ महिने कोणी फिरकत नाही. दारावर ‘नियंत्रण कक्ष’ अशी पाटी असते आणि तेथे बसणाऱ्या गृहस्थाला ‘जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी’ असे लांबलचक नाव असते. पूर आला, आग लागली, इमारत पडली म्हणजे हे गृहस्थ धावपळ करीत असणार, अशी आपली समजूत असते. समजूत खोटी नाही, पण अपुरी आहे. त्यांचे खरे काम पूर नसतो तेव्हाचे. पूर आल्यावर ज्या गोष्टींचा विचार करावयास सवड मिळणार नाही, त्यांचा निकाल आधीच, शांत डोक्याने आणि लेखी लावून ठेवणे, हे ते काम होय. त्यालाच जोडून दुसरे एक काम येते : संकट चालू असतानाही पाणी, दवाखाना, धान्य आणि सरकारी दप्तर ही चालत राहतील अशी तजवीज करणे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन उजाड केले. त्यानंतर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला, १८८० साली त्याचा अहवाल आला आणि १८८३ मध्ये दुष्काळसंहितेचा नमुना तयार झाला. त्या संहितेत दयामाया थोडी आणि काटकसर फार, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु तिच्यात एक गोष्ट पक्की होती. दुष्काळ पडला की नाही ह्यावर ऐनवेळी वाद घालीत बसावयाचे नाही. त्याची चिन्हे आधी लिहून ठेवावयाची. धान्याचे भाव चढले, चोऱ्या वाढल्या, माणसे गुरेढोरे घेऊन गाव सोडू लागली, की चाचणीची कामे काढावयाची. तुटपुंज्या मजुरीवरही खडी फोडावयास माणसे लोटली, तर दुष्काळ आहे असे समजावयाचे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पण पुढे पन्नास पैशांच्या आतली पैसेवारी म्हणजे टंचाई, हा हिशेब आपल्याही प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी बसला. जाता जाता एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९६३ साली महाराष्ट्राने एक कायदा करून आपल्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ हा शब्दच काढून टाकला व त्याच्या जागी ‘टंचाई’ घातला. नऊ वर्षांनी, १९७२ साली, कायद्याचे हे वाचन न केलेला दुष्काळ मराठवाड्यात येऊन ठेपला.

दुष्काळ पावलांनी येतो. त्याची चिन्हे मोजता येतात. भूकंपाचे तसे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणेशविसर्जनाची रात्र नुकतीच सरत होती. सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. भूकंपाच्या नकाशात लातूरचा हा भाग तेव्हा सर्वांत निर्धोक पट्ट्यात दाखविलेला होता; तो पट्टाच पुढे २००२ च्या नकाशातून काढून टाकण्यात आला. बावन्न गावे मुळापासून नव्या जागी वसवावी लागली. आज आपण ज्याला आपत्ती व्यवस्थापन म्हणतो त्याचा महाराष्ट्रातला पाया ह्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनाच्या कार्यक्रमात घातला गेला : मंत्रालयात नियंत्रण कक्ष आला, जिल्ह्याजिल्ह्यांचे आराखडे आले. संपूर्ण देशासाठी कायदा झाला तो २००५ साली. त्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण नेमले. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष. लोकनियुक्त संस्थेचा प्रतिनिधी सहअध्यक्ष. पोलीस, आरोग्य इत्यादी खात्यांचे प्रमुख सभासद. जिल्ह्याचा आराखडा करावयाचा आणि दरवर्षी तो तपासावयाचा, हे त्यात बंधनकारक आहे. इतकेच नव्हे, तर जिल्ह्यातील प्रत्येक सरकारी खात्यानेही आपापला आराखडा करावयाचा आहे.

आराखडा म्हणजे प्रत्यक्षात काय असते? जाड पुस्तक असते, हे तर खरेच. पण त्यातली कामाची पाने थोडी. पोकलेन आणि जेसीबी कोणाकडे आहेत. बोटी किती व कोठे. पट्टीचे पोहणारे कोण. कोणत्या शाळेत किती माणसे राहू शकतील आणि तिची किल्ली रात्री कोणाकडे असते. बाहेरची मदत कोठून येणार तेही त्यात लिहिलेले असते. राष्ट्रीय दलाची तुकडी पुण्याजवळून, राज्याचे दल धुळ्याहून. म्हणजे पहिले काही तास आपले आपणच काढावयाचे, हे त्या पानावरून कळते. ह्या याद्या फार लवकर शिळ्या होतात. अधिकाऱ्याची बदली होते, मुख्याध्यापक निवृत्त होतो, बोटीचा मालक बोट विकून टाकतो. म्हणून माझ्या मते ह्या हुद्द्यावरच्या माणसाची परीक्षा त्याच्या पुस्तकाच्या जाडीवरून करू नये. मे महिन्यात त्याने किती फोन स्वतः लावून पाहिले एवढेच विचारावे. आणखी एक पान महत्त्वाचे असते. साहेब दौऱ्यावर असतील, आजारी असतील, फोनवर सापडत नसतील, तर हुकूम कोणाचा? पहिला, दुसरा, तिसरा, अशी नावे हुद्द्यांनिशी लिहिलेली हवीत. आपल्याकडे नाव लिहावयास संकोच वाटतो. साहेब नसतील असे कागदावर मांडणेच अशुभ वाटते!

ह्या सगळ्याची खरी कसोटी आपल्याला पाहावयाची तर पैठणला जावे. नाथसागराची एकूण साठवण सुमारे १०२ अब्ज घनफूट, त्यातली उपयोगाची ७६ च्या वर. धरण भरले म्हणजे पाण्याची पातळी १५२२ फूट. दरवाजे सत्तावीस, त्यांतले नऊ केवळ आणीबाणीसाठी. आता प्रश्न असा. ऑगस्ट महिना आहे, धरण जवळजवळ भरले आहे, वर नाशिक आणि अहिल्यानगरच्या बाजूला पाऊस लागून राहिला आहे. पाणी सोडावे की ठेवावे? सोडले आणि पुढे पाऊस थांबला, तर उन्हाळ्यात आठ जिल्हे विचारतील, आमचे पाणी नदीत का घातले? ठेवले आणि वरून लोंढा आला, तर एकदम एवढे सोडावे लागेल की पैठण आणि खालची गावे पाण्याखाली जातील. मराठवाड्यात धरणातून पाणी सोडण्याचा हुकूम देणे किती जड आहे हे बाहेरच्याला कळणार नाही. येथे पाणी सोडणारा अधिकारी कोणाला आवडत नाही.

म्हणून हा निर्णय त्या रात्रीच्या माणसावर ठेवलेला नाही. कोणत्या तारखेला धरणात किती पातळी ठेवावयाची ह्याची सूची आधीच मंजूर असते. पातळी त्यापेक्षा चढली की दरवाजे उचलावयाचे, आणि उचलण्यापूर्वी नदीकाठच्या गावांना, खालच्या जिल्ह्यांना कळवावयाचे. ऑगस्ट २००६ मध्ये अडीच लाख क्युसेकचा, म्हणजे दर सेकंदाला अडीच लाख घनफुटांचा विसर्ग करावा लागला आणि पैठण शहरात पाणी शिरले. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस गोदाकाठच्या लोकांना पुन्हा घरे सोडून हलावे लागले. सूची असली म्हणून पूर टळतो असे नाही. पण दवंडी दरवाजाच्या आधी पोचते की नंतर, हा फरक तीतून पडतो. उलट बाजूचेही तसेच. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी खाली सोडावयाचे, हे सूत्र २०१४ साली ठरले. त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, आंदोलने झाली. होऊ द्यावीत. आकडा कागदावर असला की निदान भांडण कशावर करावयाचे हे तरी दोघांना कळते.

आता दुसरी बाजू, कारभार चालू ठेवण्याची. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. पाच माणसे दगावली. वरचे मजले जळाले. मुख्यमंत्र्यांचे कार्यालय सहाव्या मजल्यावर होते. हजारो फाइली गेल्या. माणसे आगीतून बाहेर काढता येतात. पण ज्या फाइलीची दुसरी प्रत कोठेही नाही, तिच्यावर कोणाची नोकरी, कोणाची भरपाई, कोणाचे गाव अडकलेले असते, तिचे काय? त्यानंतर फाइली संगणकावर नेण्याच्या कामाला राज्यात वेग आला. प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी, एवढी साधी गोष्ट. आपल्या आजोबांना खरेदीखताच्या बाबतीत ती समजत होती.

पाण्याचे तसेच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासला धरणही गेले. त्याच धरणावर पुण्याचे नळ अवलंबून होते. बुडालेले शहर लागलीच तहानले. आपल्या संभाजीनगरला जायकवाडीचे पाणी सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवरून पंपाने चढवून येते. तेथली वीज काही तास गेली की शहरातल्या नळांचे वेळापत्रक काही दिवस कोलमडते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. ह्याच शहराला सतराव्या शतकात मलिक अंबरने डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींनी, केवळ उतारावर आणले होते. पुन्हा नहरींवर जगावे असे मी म्हणत नाही. आजची लोकसंख्या त्यांना झेपणार नाही. पण ‘वीज नसताना काय?’ ह्या प्रश्नाचे उत्तर ह्या शहराकडे एकदा होते. लातूरला २०१६ साली तो प्रश्न वेगळ्या रूपाने आला. मांजरा धरण कोरडे पडले, पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी सोडावी लागली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणी. विहिरीतून पाणी गाडीत कसे भरावयाचे, शुद्ध कोठे करावयाचे, लातूर स्टेशनातून ते टाकीपर्यंत कसे न्यावयाचे, हे सर्व थोड्या दिवसांत जुळवावे लागले. ते जुळले, ह्याबद्दल रेल्वेची आणि कारभाराची वाहवा केलीच पाहिजे. मात्र धरण एका रात्रीत आटत नाही. ही जुळणी आधीच्या दिवाळीला कागदावर करता आली असती.

आराखडा उत्तम असला तरी एक जागा राहून जाते, आणि ती सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. मे २०२० मध्ये टाळेबंदी होती. प्रवासी गाड्या बंद होत्या. मालगाड्या मात्र चालू होत्या, कारण धान्य आणि तेल थांबून चालणार नव्हते. कारभाराच्या सातत्याचा तो भाग नीट चालला होता. जालन्याहून मध्यप्रदेशातल्या आपल्या गावी निघालेले मजूर रुळावरून चालत होते. करमाडजवळ थकून ते रुळांवरच झोपले. ८ मेच्या पहाटे मालगाडी आली आणि सोळा जण गेले. आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट घडली. ती माणसे कोणत्याही गावाच्या यादीत नव्हती. ज्या गावाच्या यादीत त्यांची नावे होती तेथे ती पोचली नव्हती, आणि जेथे होती तेथे त्यांची नोंद नव्हती.

मराठवाड्यात अशा माणसांची संख्या लहान नाही. बीडचा ऊसतोड कामगार कागदोपत्री गावात असतो आणि दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत कारखान्याच्या फडावर. नदीच्या पात्रात मेंढरे बसविणारा धनगर, पुलाच्या कामावरचा परप्रांतीय मजूर, ह्यांची रेशनकार्डे भलतीकडेच असतात. गोदाकाठच्या गावात दवंडी देताना तलाठ्याने घरांची यादी हातात धरली तर ही माणसे तीत सापडणार नाहीत. म्हणून घरांच्या यादीला आणखी एक रकाना जोडला पाहिजे : आज रात्री ह्या गावच्या हद्दीत कोण झोपणार आहे? तो भरण्यासाठी पात्रातून आणि मजुरांच्या पालांतून पायी फिरावे लागते, आणि ते मे महिन्यातच करावे लागते. एकदा पावसाळा सुरू झाला की १०७७ क्रमांकाचा फोन रात्रंदिवस वाजू लागतो, आणि मग फिरावयास कोणी मोकळा उरत नाही.