ग्राफीनचा २.३ टक्क्यांचा हिशेब

घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. वारंवारता वाढवत नेली की रेडिओलहरी येतात, मग मायक्रोवेव्ह, पुढे टेराहर्ट्झ आणि त्याच्याही वर दिसणारा प्रकाश: सेकंदाला सुमारे ५०० लाख कोटी हेलकावे. म्हणून एखादा पदार्थ किती प्रकाश गिळतो, हा प्रश्न मुळात त्याच्या उच्च वारंवारतेच्या विद्युतवाहकतेचा आहे. ग्राफीनने या प्रश्नाला दिलेल्या उत्तराइतकं देखणं उत्तर पदार्थविज्ञानात क्वचितच सापडतं.

ग्राफीन म्हणजे ग्रॅफाइटचा एकच थर, एका कार्बन अणूच्या जाडीचा. मँचेस्टरच्या आंद्रे गाइम आणि कॉन्स्टन्टिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४मध्ये तो सुटा केला. २०१०मध्ये दोघांना नोबेल मिळालं. दरम्यान, २००८मध्ये त्यांच्या गटाने ५० मायक्रोमीटरच्या छिद्रावर ग्राफीन ताणून खालून प्रकाश सोडला. छिद्राचा उघडा भाग लख्ख, एका थराचा किंचित मंद, दोन थरांचा आणखी मंद. एका थराने २.३ टक्के प्रकाश गिळला होता, दोन थरांनी त्याच्या दुप्पट. रंग बदलला तरी आकडा जवळजवळ तोच!

हे अनपेक्षित का? कमी वारंवारतेला मोकळे इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्रामागे धावतात. टेराहर्ट्झच्या पट्ट्यात त्यांची गत कवायतीतल्या पोरांसारखी होते: ‘दाहिने मूड’ पुरतं होण्याआधीच ‘बाये मूड’ कानावर येतं. वाहकता घसरत जाते.

प्रकाशाच्या वारंवारतेला मात्र दुसरीच यंत्रणा चालते. इलेक्ट्रॉन खालच्या ऊर्जापट्ट्यातून वरच्या पट्ट्यात उडी घेतो. ग्राफीनमध्ये हे पट्टे टोकाला टोक लावलेल्या दोन शंकूंच्या आकाराचे असतात. वारंवारता वाढली की त्याच प्रमाणात उडीसाठीच्या जागा वाढतात आणि दर उडीला गिळली जाणारी ऊर्जाही. उडीची शक्यता मात्र वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. तिन्हींचा गुणाकार करा, वारंवारता उडून जाते. इलेक्ट्रॉनचा सेकंदाला सुमारे १० लाख मीटरचा वेगही उडून जातो. वाहकतेच्या सूत्रात उरतात फक्त इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि प्लांकचा स्थिरांक. पदार्थाची म्हणून एकही खूण त्या सूत्रात राहत नाही! त्या वाहकतेवरून शोषणाचं प्रमाण निघतं पाय गुणिले १/१३७, म्हणजेच २.३ टक्के. हा १/१३७ प्रकाश आणि विद्युतभार यांच्यातल्या नात्याचा मूलभूत आकडा. एरवी तो मोजायला फार नाजूक प्रयोग लागतात.

अतिनील किरणांकडे गेलं की शंकूच्या बाजू सरळ राहत नाहीत आणि हिशेब बिघडतो. अवरक्त बाजूची गोष्ट अधिक उपयोगाची आहे. विद्युतदाब देऊन ग्राफीनमध्ये जादा इलेक्ट्रॉन भरले, की वरच्या जागा आधीच अडतात, छोट्या उड्या बंद होतात आणि तेवढ्या पट्ट्यात थर जवळजवळ पारदर्शक होतो. २०११मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी सिलिकॉनच्या प्रकाशवाहिनीवर ग्राफीन बसवून याच युक्तीने अवरक्त प्रकाश कमी-जास्त करून दाखवला, सेकंदाला १०० कोटींहून अधिक वेळा.