दोन खेळ, एक छप्पर
वाराणसीतील महाविद्यालयीन क्रीडागृहाच्या आखणीविषयी

जानेवारी २०२६ मध्ये वाराणसीच्या सिगरा भागातील डॉ. संपूर्णानंद क्रीडासंकुलात ७२ वी राष्ट्रीय व्हॉलीबॉल स्पर्धा भरली. या संकुलाचे नव्याने बांधलेले भाग ऑक्टोबर २०२४ मध्ये खुले झाले होते. बास्केटबॉलच्या बाबतीतही या नगरीचे नाव मोठे आहे. येथील सिंह भगिनी भारताकडून खेळल्या, आणि त्यांपैकी प्रशांती सिंह यांना २०१७ मध्ये अर्जुन पुरस्कार व २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. असे असले तरी मोठे संकुल हे स्पर्धेचे ठिकाण होय. रोजचा सराव होतो तो महाविद्यालयाच्या आवारातील मैदानावर, आणि ते मैदान मे महिन्यात तापलेले व ऑगस्टमध्ये चिखलाने भरलेले असते. उन्हाळा व पावसाळा मिळून वर्षाचे चार-पाच महिने त्यावर धड खेळता येत नाही. म्हणून एखादे महाविद्यालय बास्केटबॉल व व्हॉलीबॉल या दोन खेळांसाठी नवे क्रीडागृह बांधू पाहील, तर त्याने प्रथम कशाचा विचार करावा, हे या लेखात पाहावयाचे आहे.

हे दोन्ही खेळ मुळात छपराखालचे आहेत, ही गोष्ट आपल्याकडे बहुधा विसरली जाते. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने, बाहेर बर्फ पडत असता विद्यार्थ्यांना आत काय खेळवावे या विवंचनेतून बास्केटबॉल निर्माण केला. व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला त्याने पीच फळांच्या टोपल्या टांगल्या. तो कठडा १० फूट उंचीवर होता, आणि आजही कडे ३.०५ मीटरवरच असते. पुढे चार वर्षांनी, १८९५ मध्ये, तेथून जवळच असलेल्या होलिओक गावी विल्यम मॉर्गन याने व्हॉलीबॉल रचला, तोही व्यायामशाळेतच. वाय. एम. सी. ए. या संस्थेच्या द्वारे दोन्ही खेळ भारतात आले आणि उघड्या मैदानात रुजले. मल्लखांबाप्रमाणे मातीवर व झाडाखाली व्यायाम करणाऱ्या देशात ते स्वाभाविकच होते. तेथे छप्पर थंडीसाठी लागले. काशीत ते लागते ऊन व पाऊस यांसाठी, आणि या एका फरकाने आखणीचे सारे गणित बदलते.

पहिला प्रश्न दिशेचा. वाराणसी सुमारे २५.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे २१ जूनच्या सुमारास सूर्य पूर्व बिंदूच्या सुमारे २६ अंश उत्तरेस उगवतो व डिसेंबरअखेर तितकाच दक्षिणेस. वर्षभर उगवता व मावळता सूर्य पूर्व-पश्चिमेच्या या पट्ट्यातच राहतो. सराव होतो तो सकाळी व सायंकाळी, म्हणजे सूर्य खाली असतानाच. म्हणून उघड्या मैदानाची लांबी दक्षिणोत्तर ठेवतात. खेळाडूचे तोंड उत्तरेस वा दक्षिणेस असले म्हणजे तिरपे ऊन त्याच्या डोळ्यांत येत नाही. हा नियम बहुतेक क्रीडाशिक्षकांना ठाऊक असतो.

छपराखालच्या इमारतीचा नियम मात्र याच्या नेमका उलटा आहे. उन्हाळ्यात सर्वांत अधिक तापतात त्या पूर्व व पश्चिम भिंती, कारण तिरपे ऊन त्यांच्यावर जवळजवळ काटकोनात पडते व छज्जाने ते अडत नाही. जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ८८ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. त्या वेळी दक्षिण भिंतीला लहानसा छज्जाही सावली पुरवतो. हिवाळ्यात तोच सूर्य मध्यान्ही ४१ अंशांपर्यंत उतरतो व दक्षिण भिंतीला हवीशी ऊब देतो. तेव्हा इमारतीच्या लांब भिंती उत्तर-दक्षिणेकडे असाव्यात, म्हणजे तिची लांबी पूर्व-पश्चिम असावी. आखूड भिंती कोऱ्या ठेवाव्यात. बास्केटबॉलचे फलक त्यांच्यापुढे येतात, आणि नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खिडकी नसणे हेही इष्टच आहे.

वाराणसीत किंवा अन्यत्रही जे घडते ते असे : आज पैसा कमी आहे म्हणून उघडे मैदान करावयाचे, आणि पुढे अनुदान मिळाले की त्यावर छप्पर घालावयाचे. मैदान योग्य रीतीने दक्षिणोत्तर आखले जाते. पाच-दहा वर्षांनी त्यावर पन्हळी पत्रा चढतो, कडेच्या भिंती उभ्या राहतात, आणि दोन लांब भिंती पूर्व-पश्चिमेस येतात. मे महिन्यात दुपारी चारनंतर, म्हणजे विद्यार्थी वर्गांतून मोकळे होण्याच्या वेळी, ती इमारत भट्टी बनते. कोणाचीही चूक नसते. प्रत्येक पाऊल त्या त्या वेळी बरोबरच होते. यावरून उघड होते की, या जागेवर कधी काळी छप्पर येणार आहे काय, हा प्रश्न पहिली खुंटी ठोकण्यापूर्वीच निकालात काढला पाहिजे. येणार असेल, तर सुरुवातीची काही वर्षे सूर्य थोडा डोळ्यांत गेला तरी लांबी पूर्व-पश्चिम ठेवणे, माझ्या मते, शहाणपणाचे आहे. उन्हाची वेळ टाळून सरावाचे वेळापत्रक बदलता येते. भिंती फिरविता येत नाहीत.

आता मापे पाहू. बास्केटबॉलचे मैदान २८ × १५ मीटर असते व भोवती किमान २ मीटर मोकळी जागा लागते. एकूण ३२ × १९ मीटर. व्हॉलीबॉलचे मैदान १८ × ९ मीटर असून भोवती किमान ३ मीटर धरले तर २४ × १५ मीटर जागा लागते. केवळ बास्केटबॉलच्या हिशेबाने ३२ × १९ मीटरचे सभागृह बांधले, तर त्यात व्हॉलीबॉलचे एकच मैदान उभे बसते. परंतु रुंदी १९ ऐवजी २४ मीटर केली, तर व्हॉलीबॉलची दोन मैदाने शेजारी शेजारी आडवी बसतात, कारण दोघांच्या रुंदी मिळून ३० मीटर होतात व लांबी ३२ आहे. अवघ्या ५ मीटरच्या वाढीने सरावाला येणाऱ्यांची संख्या दुप्पट होते. एका जाळीवर मुले व दुसऱ्या जाळीवर मुली एकाच वेळी सराव करू शकतात, आणि मुलींना ‘मुलांचे झाल्यावर या’ असे सांगण्याची पाळी येत नाही. एका बाजूस प्रेक्षकांसाठी पायऱ्यांची ४ मीटर जागा जोडली की मध्यम महाविद्यालयाची गरज भागते. मोठे प्रेक्षागार बांधण्याचा मोह टाळावा. वर्षातून दोन दिवस भरणाऱ्या आसनांसाठी उरलेल्या दिवसांची हवा व उजेड यांवरचा खर्च कापला जातो.

उंचीच्या बाबतीत दोन्ही खेळांचा नियम सारखाच, म्हणजे किमान ७ मीटर निर्वेध जागा हवी. हे ७ मीटर आढ्यापर्यंत मोजावयाचे नसून छपराच्या कैच्यांच्या खालच्या कडेपर्यंत, टांगलेल्या दिव्यांपर्यंत व पंख्यांपर्यंत मोजावयाचे असतात. नकाशावर ७ मीटर लिहून प्रत्यक्षात साडेपाच मीटरवर पंखे लोंबू लागले, तर व्हॉलीबॉलचा उंच उडालेला चेंडू त्यांवर आदळणारच. सरासरी ९ मीटर उंची धरली तर बाकीचे सामान वर सामावते. दिवे मैदानाच्या मध्यावर न टांगता दोन्ही बाजूंना असावेत. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू उचलून देणाऱ्याची नजर सतत वर असते, आणि डोक्यावरच्या प्रखर दिव्याने त्याला क्षणभर काहीच दिसेनासे होते. आडव्या मैदानांवर खेळणाऱ्यांच्या अर्ध्या संख्येचे तोंड उत्तरेकडील खिडक्यांकडे येते. त्या उंचावर घ्याव्यात व त्यांना आडव्या पट्ट्या असाव्यात.

हवेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. श्रम करताना शरीरात निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे एकचतुर्थांशच कामी येते. उरलेली उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. एक लिटर घामाचे बाष्प होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. मेच्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, परंतु हवाच शरीराहून अधिक तप्त असते. ऑगस्टमध्ये तापमान उतरते, तरी दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता टपकतो. तेव्हा एकाच इमारतीला दोन स्वभाव हवेत. उन्हाळ्यात दिवसा खालच्या झडपा बंद करून ‘लू’ बाहेर ठेवावी व रात्री सर्व उघडून भिंती थंड होऊ द्याव्यात. पावसाळ्यात खालच्या झडपा व आढ्याजवळचे झरोके दोन्ही उघडे ठेवावेत, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाते व खालून ताजी येते. पावसाळ्यात गंगेच्या मैदानात वारा बहुधा पूर्वेकडून वाहतो. पूर्व-पश्चिम इमारतीला त्याचा पूर्ण लाभ मिळत नाही, ही तडजोड पत्करावी लागते.

मोठे पंखे लावून हे भरून काढू, असे कोणी म्हणेल. बास्केटबॉलला ते चालेल. परंतु व्हॉलीबॉलच्या चेंडूचे वजन २६० ते २८० ग्रॅम, म्हणजे बास्केटबॉलच्या निम्म्याहूनही कमी असते, आणि आकार मात्र थोडाच लहान असतो. वजनाच्या मानाने वाऱ्याला सापडणारा त्याचा पृष्ठभाग बास्केटबॉलच्या दीडपटीहून अधिक भरतो. झोताने त्याची वाट बदलते. म्हणून पंखे भिंतीलगत, हवा बाहेर ओढणारे असावेत.

यानंतर जमीन. खेळाडूचे गुडघे जेथे सुधारतात वा बिघडतात ते ठिकाण हेच. ५० सेंटिमीटर उडी मारून खाली येणारा खेळाडू समजा १० सेंटिमीटर अंतरात थांबला, तर त्या वेळी त्याच्या पायांवर सरासरी त्याच्या वजनाच्या सहापट भार येतो. जमीन अवघा १ सेंटिमीटर दबली, तर तो साडेपाचपट होतो. ६० किलोग्रॅमच्या मुलीच्या बाबतीत हा फरक प्रत्येक उडीस सुमारे २७ किलोग्रॅम एवढा भरतो. व्हॉलीबॉलच्या एका सरावात शंभर उड्या सहज होतात. काँक्रीटवर नुसते रंग लावलेले मैदान स्वस्त पडते, पण त्याची किंमत पुढे हाडे व सांधे चुकवितात. लवचीक लाकडी वाशांवर बसविलेली तक्तपोशी हा जुना व खात्रीचा उपाय होय. ती फार मऊही असू नये, कारण बास्केटबॉलला उसळी हवी. पुरुषभर उंचीवरून, म्हणजे १.८ मीटरवरून सोडलेला चेंडू सुमारे १.२ मीटरपर्यंत परत आला पाहिजे. तक्तपोशीवर कोठेकोठे चेंडू ‘मेल्यासारखा’ पडू लागला, की तेथे खालचा आधार सुटला आहे असे समजावे.

आवाजाविषयी थोडेसे. ३२ × २८ × ९ मीटरच्या सभागृहात चोहोकडे सिमेंटचा गिलावा व पत्रा असेल आणि ते पृष्ठभाग आवाजाचा अवघा विसावा भाग शोषत असतील, तर हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइन याच्या सूत्राप्रमाणे एकदा वाजलेली शिट्टी विरावयास सुमारे ९ सेकंद लागतात. प्रशिक्षकाचे एकही वाक्य त्यात कळत नाही. छताखाली ६० टक्के आवाज शोषणारे आच्छादन लावले, तर हा काळ २ सेकंदांवर येतो. पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसाचा गडगडाटही त्याच आच्छादनाने कमी होतो.

अखेरीस जोत्याचा विचार, आणि काशीत तो गंगेला विचारूनच करावा लागतो. येथील धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर असून १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. अस्सी-नगवा परिसर व वरुणेच्या काठची सखल वस्ती अशा पुरात बुडते. गंगा फुगली की वरुणेचे पाणीही मागे हटते. अशा भागातील महाविद्यालयाने जोते नुसते शेजारच्या रस्त्याहून उंच न ठेवता या आकड्याशी ताडून पाहावे. पाणी आत शिरले नाही तरी ओल वर चढतेच. म्हणून लाकडाखाली ओल अडविणारा थर, हवा खेळण्यास पोकळी व वाळवीचा बंदोबस्त असावा. लाकूड दमट दिवसांत फुगते. भिंतीलगत चोहोबाजूंनी बोटभर फट सोडून ती पट्टीने झाकावी, नाहीतर भादव्यात मधल्या फळ्या उचलून येतात. जाळीच्या खांबांसाठी जमिनीत बसविलेल्या नळ्यांना घट्ट झाकणे हवीत. आणि परीक्षेची बाके किंवा लग्नाच्या खुर्च्या या तक्तपोशीवर मांडावयाच्या नाहीत, हे बांधकाम सुरू असतानाच कार्यकारी मंडळाच्या ठरावात लिहून ठेवावे. उद्‍घाटन झाल्यावर तसा ठराव होणे कठीण असते.