दहा मुलांमागे एक

शाळेत शिक्षक किती असावेत असा प्रश्न निघाला, की आपण पटावरील संख्येला तिसाने भागून मोकळे होतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात प्राथमिक शाळेसाठी ढोबळ मानाने तेच प्रमाण आहे. परंतु ज्या मुलाला दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा शिकवलेले उमगण्यास फार वेळ लागतो, त्याला वर्गशिक्षकाखेरीज विशेष शिक्षकाची जोड लागते. असे शिक्षक किती हवेत?

रजनीशकुमार पांडे खटल्यात २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले : प्राथमिक शाळेत अशा दहा मुलांमागे एक, पुढील वर्गांत पंधरांमागे एक. २०२२ साली केंद्र सरकारने हे प्रमाण पहिली ते आठवीसाठी कायद्याच्या परिशिष्टात घातले. तरीही किती पदे मंजूर केली ते जाहीर करा, असे मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना बजवावे लागले. प्रमाण ठरणे निराळे आणि माणूस नेमला जाणे निराळे!

आता हिशेब मांडून पाहू. कायद्याप्रमाणे शिक्षकाचा आठवडा तयारीसह किमान ४५ तासांचा. तयारीचे १५ तास वजा केले, तर एकेका मुलाच्या वाट्याला तीन तास येतात. पण ही दहा मुले पाच-सहा गावांत विखुरलेली असली आणि शिक्षकाचे दहा तास एस. टी.त गेले, तर उरतात दोनच. कागदावरचे प्रमाण मात्र तसेच राहते.

शिवाय सर्वांची गरज एक नसते. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार सांगितले आहेत. ब्रेल शिकविणाऱ्याला खुणांची भाषा येतेच असे नाही. आणि ज्या मुलाची अडचण कोणी ओळखलीच नाही, ते तर या भागाकारात येतच नाही. ओळखणारा शिक्षक नाही म्हणून मूल मोजले जात नाही, आणि मूल मोजले नाही म्हणून शिक्षक मंजूर होत नाही.

म्हणून केवळ प्रमाण विचारून भागणार नाही, असे आम्हांस वाटते. मुले ओळखली कोणी, शिक्षक कशात तयार झालेला आहे आणि मुलाला आठवड्यात प्रत्यक्ष किती तास मिळतात, हेही विचारले पाहिजे. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समित्यांत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. हे प्रश्न तेथे आपणच विचारावयाचे आहेत.