पाळी चुकण्याआधीची तपासणी

गर्भाचे हृदय, डोळे आणि कान यांची मूळ घडण पहिल्या आठ-दहा आठवड्यांत होते. पाळी चुकून घरी चाचणी होईपर्यंत आणि डॉक्टरांकडे जाईपर्यंत यातले निम्मे दिवस सरलेले असतात. बारा आठवड्यांच्या आत दवाखान्यात नाव नोंदवले की एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांसाठी रक्त तपासले जाते, आणि ते आवश्यकच आहे. पण काही आजारांवरची लस दिवस राहिल्यावर देताच येत नाही. मूल हवे असे ठरते तेव्हाच, म्हणजे तीन-चार महिने आधी, डॉक्टरांना भेटायला हवे ते यासाठी.

या आजारांत पहिला मान रुबेलाचा. मोठ्या माणसाला तो झाला तर दोन-तीन दिवस बारीक पुरळ, किंचित ताप आणि कानामागे गाठी, एवढेच. पुष्कळांना तर झाल्याचे कळतही नाही. १९४१ मध्ये सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मजात मोतीबिंदू असलेली तान्ही बाळे एकामागून एक येऊ लागली. चौकशी केल्यावर बहुतेक आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला हाच आजार होऊन गेल्याचे निघाले. ग्रेग यांनी अशा ७८ बाळांची नोंद प्रसिद्ध केली, तोवर या पुरळाला कोणी गंभीर मानत नव्हते. पहिल्या बारा आठवड्यांत आईला रुबेला झाला तर दहांपैकी आठ-नऊ गर्भांना इजा पोचते. मोतीबिंदू, बहिरेपणा आणि हृदयाचे दोष ही त्या इजेची मुख्य रूपे. झालेली इजा भरून काढणारे औषध नाही.

गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम गोव्यात २०१७ मध्ये आणि महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांखालील मुलामुलींना ती दिली गेली. याचा सरळ अर्थ असा की महाराष्ट्रात २००३ च्या आसपास किंवा त्याआधी जन्मलेल्या मुली या मोहिमेत बसल्याच नाहीत. आज आई होण्याच्या वयात आहेत त्यांपैकी पुष्कळ जणी याच वयोगटातल्या. लहानपणी खासगी डॉक्टरांकडे एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस) घेतल्याची नोंद असेल तर उत्तम. नसेल तर रक्तातील रुबेला आयजीजी, म्हणजे रुबेलाविरुद्धची प्रतिपिंडे, तपासावीत, किंवा सरळ लस घ्यावी. आधीच प्रतिकारशक्ती असताना लस घेतली तरी काही बिघडत नाही. लसीतला विषाणू जिवंत, पण दुबळा केलेला असतो, म्हणून लसीनंतर एक महिना दिवस राहू देऊ नयेत. चुकून राहिलेच तर घाबरून गर्भपात करण्याचे कारण नाही. लसीमुळे बाळाला रुबेलाचे व्यंग आल्याचे आढळलेले नाही.

कांजिण्यांचेही असेच. ज्यांना लहानपणी त्या येऊन गेल्या त्यांना काळजी नाही. इतरांनी चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने लसीचे दोन डोस घ्यावेत आणि नंतर महिनाभर थांबावे. गरोदर स्त्रीला कांजिण्या आल्या तर तिला न्यूमोनिया होण्याची भीती असते, आणि ऐन बाळंतपणाच्या दिवसांत आल्या तर बाळाच्या जिवावर बेतते.

रक्ताच्या चाचण्या नवऱ्याच्याही व्हायला हव्यात. आपल्याकडे सारा शोध बाईच्या शरीरात घेतला जातो, आणि सिफिलिसवर उपचार झालेल्या बायकोला तोच आजार नवऱ्याकडून पुन्हा होतो. एचआयव्ही असल्यास उपचार न घेता आईकडून बाळाकडे विषाणू जाण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो. औषधे नियमित घेतल्यास तो ५ टक्क्यांच्या खाली येतो. ही औषधे सरकारी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रांत मोफत मिळतात. रक्तातील विषाणू दिसेनासा होईपर्यंत थांबणे हेच अशा जोडप्यासाठी नियोजन. हिपॅटायटिस बीची लस गरोदरपणातही चालते, पण तिचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, म्हणून आधी सुरुवात केलेली बरी.

क्षयरोगाचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. तो फुप्फुसांपुरता राहत नाही. गर्भनलिका आणि गर्भाशयाच्या अस्तरात तो खोकल्यावाचून, तापावाचून वर्षानुवर्षे राहतो आणि मूल का होत नाही याचे उत्तर कित्येकदा तिथेच सापडते. क्षयाचे औषध चालू असेल तर कोर्स पुरा करूनच दिवस राहू द्यावेत. त्या काळात एक गोष्ट ध्यानात ठेवावी: रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, म्हणून दुसरे साधन वापरावे लागते.

गर्भपात झाला की ‘टॉर्च’, म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलोव्हायरस, हर्पिस अशा संसर्गांची तपासणी करण्याची पद्धत आपल्याकडे फार रुजली आहे, आणि तिने दिलासा कमी, धास्ती जास्त दिली आहे. अहवालात आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे तो संसर्ग कधीतरी होऊन गेला आणि शरीराने प्रतिकारशक्ती कमावली. रुबेलाच्या बाबतीत तर हवे तेच उत्तर. तरी असा कागद हातात घेऊन बायका महिनोन्‌महिने औषधे घेत राहतात. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचे कारण टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी सहसा नसतो. तो टाळायचा तर मटण नीट शिजवावे, मांजराची घाण साफ करण्याचे काम घरातल्या दुसऱ्याने करावे, बागेतल्या मातीत हात घातल्यावर साबणाने धुवावेत. कच्चे दूध पिऊ नये. लहान मुलांची लाळ-शी-शू आवरणाऱ्या अंगणवाडी सेविकांनी आणि आयांनीही हात धुण्यात कसूर करू नये, कारण सायटोमेगॅलोव्हायरस तिथूनच येतो.

झिका हा विषाणू महाराष्ट्रात २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात पहिल्यांदा सापडला, आणि २०२४ मध्ये पुण्यातील बाधितांत गरोदर स्त्रियाही होत्या. डासांखेरीज तो शरीरसंबंधातूनही पसरतो. बाधा झाल्यास पुरुषाने तीन महिने आणि स्त्रीने दोन महिने मूल होऊ देण्याचे टाळावे.

हिपॅटायटिस ई ही कावीळ दूषित पाण्यातून होते. इचलकरंजीत २०१२ मध्ये तिची मोठी साथ आली होती. इतरांची बहुधा आपोआप बरी होणारी ही कावीळ शेवटच्या तिमाहीतील स्त्रियांत चार-पाचांमागे एकीचा जीव घेऊ शकते. आपल्याकडे सातव्या महिन्यानंतर मुलगी बाळंतपणासाठी माहेरी जाते, म्हणजे ऐन धोक्याच्या काळात तिचे पाणी बदलते. म्हणून बेत ठरवताना माहेरच्या नळाचे, विहिरीचे पाणी कसे आहे, गावात काविळीचे रुग्ण आहेत का, याचीही चौकशी करावी. शंका असल्यास तिथे पोचल्या दिवसापासून पाणी उकळूनच द्यावे.