गोळ्या, काड्या आणि ८९० किलोज्यूल

शाळेच्या प्रकल्पासाठी गुलमंडीवरून जेलीच्या गोळ्या आणा आणि गोबरगॅसमधला मिथेन ‘जाळा’. एक हिरवी गोळी कार्बन, चार पिवळ्या हायड्रोजन, चार लाल ऑक्सिजन. टूथपिकची काडी म्हणजे बंध. दुहेरी बंधाला दोन काड्या. मिथेनचा एक आणि ऑक्सिजनचे दोन रेणू सोडवा. कार्बन डायऑक्साइडचा एक, पाण्याचे दोन जोडा. आधी नऊ गोळ्या, नंतरही नऊ. वस्तुमानाचा नियम पटला!

आता काड्या मोजा. आधी आठ, नंतरही आठ. मग १६ ग्रॅम मिथेन जळताना सुमारे ८९० किलोज्यूल उष्णता येते कुठून? काड्या सगळ्या सारख्या, बंध मात्र कमी-जास्त मजबूत. नवे बंध जुळताना सुटणारी ऊर्जा जुने तोडायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त असते.

म्हणून संशोधनात कुठलंही मॉडेल हाती आलं, की आधी विचारायचं: यात काय दिसत नाही?