चाळणीखाली चाळणी

धान्य निवडताना आपल्याकडे एका चाळणीवर कोणी भागवीत नाही. आधी मोठ्या भोकांची चाळण, मग बारीक, आणि शेवटी सूप. संगणकात साठविलेल्या माहितीची निवडही पुष्कळशी अशीच होते.

समजा, एका शाळेच्या नोंदीत ४०० मुले आहेत. गुरुजींना शिष्यवृत्तीसाठी नावे पाठवावयाची आहेत. पहिला प्रश्न : सातवीत कोण? ६० नावे निघाली. दुसरा प्रश्न आता ४०० जणांना विचारावयाचा नाही. या ६० जणांनाच. गुण ६० टक्क्यांच्या वर कोणाचे? उरली २२. त्यांतून घरचे उत्पन्न मर्यादेच्या आत असलेली ९.

हे साधते कशामुळे? १९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी एक साधी पण फार मोलाची गोष्ट मांडली. तक्त्याला प्रश्न विचारला की उत्तरही तक्ताच मिळावे. म्हणजे त्या उत्तरालाच पुढचा प्रश्न विचारता येतो! त्याच्याही आधी, १९६० नंतरच्या दशकात, अमेरिकेत लॉकहीड कंपनीत रॉजर समिट यांनी ‘डायलॉग’ नावाची शोधयंत्रणा उभी केली. तीत प्रत्येक निवडीला क्रमांक मिळे, आणि पहिलीत व तिसरीत समाईक काय, असे विचारता येई.

चाळण्यांचा क्रम बदलला तर? आधी उत्पन्न पाहिले, मग गुण, मग इयत्ता, तरी शेवटी नावे तीच ९. म्हणून यंत्र पुष्कळदा सर्वांत जास्त गाळणारी चाळण आपणहून आधी लावते. तेवढेच काम कमी. मात्र ‘पहिले दहा’ ही चाळण निराळी, बरं का. सबंध शाळेतून पहिले दहा घेऊन त्यांत सातवीचे शोधाल, तर कदाचित दोनच सापडतील. आधी सातवी वेगळी काढून मग पहिले दहा घ्याल, तर पुरते दहा मिळतील.

आता खरी मेख. त्या २२ मुलांत मर्यादेच्या आतली ९ निघाली. मर्यादेच्या वरची किती, म्हणून विचारले, तर यंत्र म्हणते १२. बेरीज करा : २१! एक मुलगी गेली कुठे? तिच्या उत्पन्नाचा रकाना कोरा आहे. कोऱ्या रकान्याला यंत्र ‘आत’ही म्हणत नाही आणि ‘वर’ही म्हणत नाही, दोन्ही चाळण्यांतून ती निसटते. आणि दाखला वेळेवर न आणणारे घर बहुधा कोणते असते, हे गुरुजींना मी काय सांगावे?

यंत्र चूक दाखवीत नाही. त्याला आपण वेगळे विचारावे लागते : रकाना कोरा कोणाचा? नाव समोर येते. मग त्या घरी निरोप धाडायचा, दाखला आणवायचा, आणि रकाना भरून तिसरा प्रश्न पुन्हा विचारायचा. कालची यादी उतरवून ठेवली असेल तर ती आपोआप बदलत नाही.