एका चालकाला साजेशी गाडी दुसऱ्याला का पेलत नाही?

मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टू स्पर्धेत धावत असताना सर्व संघांच्या गाड्यांचा सांगाडा एकसारखाच होता. गाडीशी जुळवून घेणे हे चालकाचे काम होते. फॉर्म्युला वनमध्ये मात्र प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः घडवतो. साहजिकच तिचा विकास संघातील सर्वांत वेगवान चालकाच्या शैलीकडे झुकू शकतो.

रेड बुलचा मॅक्स वर्स्टॅपन हे याचे ठळक उदाहरण. वळणावर गाडीचा पुढचा भाग तत्काळ वळावा, ही त्याची पसंती. मात्र पुढच्या चाकांची पकड वाढली की मागचा भाग तुलनेने अस्थिर होतो. वर्स्टॅपन तो लीलया सावरतो. इतरांचा गाडीवरील विश्वास डळमळतो.

संघांची क्रमवारी दोन्ही गाड्यांच्या गुणांवर ठरत असल्याने हा झुकाव महागात पडतो. २०२४ मध्ये वर्स्टॅपन ४३७ गुणांसह विश्वविजेता ठरला. सहकारी सर्जिओ पेरेझला १५२ गुणच मिळाले आणि रेड बुल तिसऱ्या स्थानी राहिला. २०२५ मध्ये पेरेझच्या जागी आलेल्या लियाम लॉसनला तर दोनच शर्यतींनंतर बदलण्यात आले.